गोळीने आणलेला ताप

अंग मोडून आले, कणकण वाटू लागली, तर आपल्या वस्तीत कोणी लगेच दवाखाना गाठत नाही. दवाखान्यात एक दिवस गेला म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, हा हिशेब प्रत्येक घरात पाठ असतो. म्हणून पोराच्या हातात दहाची नोट देऊन त्याला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये पाठवले जाते. तापाच्या दोन गोळ्या, एक अंगदुखीची. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, कागदाच्या पुडीत घालून देतो. कापलेल्या तुकड्यावर कधी कंपनीचे अर्धे नाव असते, कधी नुसती किंमत, कधी काहीच नसते. गोळी पोटात जाते, दोन तासांत घाम येतो, ताप उतरतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो.

बहुतेक वेळा ही गोळी पॅरासिटामॉलची असते. परंतु तापावर आणि दुखण्यावर देण्यात येणारे आणखी एक औषध आहे, आणि वाचक बंधू-भगिनींनो, त्याचे नाव प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे असे मला वाटते. आपल्याकडे त्याला अनाल्जिन म्हणतात. शास्त्रीय नाव मेटामिझोल. ब्राझीलमध्ये लोक त्याला डिपायरोन म्हणतात, स्पेनमध्ये ते नोलोटिल या नावाने खपते, जर्मनीत नोव्हाल्जिन. एकाच औषधाची इतकी नावे आहेत, म्हणून आरंभीच सांगून ठेवतो. पुढे यातले कोणतेही नाव आले तरी औषध तेच समजावे.

हे औषध काम करते यात शंका नाही. मूतखड्याची कळ, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे, कर्करोगाच्या वेदना, कशाने न उतरणारा ताप, या सगळ्यांवर ते गुणकारी आहे. इतर काही वेदनाशामकांनी पोटात जखमा होतात, तसा त्रास याने कमी होतो, म्हणून जर्मनीतील डॉक्टर आजही ते मोठ्या प्रमाणावर लिहून देतात. मग अमेरिका, ब्रिटन, स्वीडन या देशांत ते विकायला परवानगी का नाही? याचे कारण रक्तात आहे.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. त्यांना शरीराचे शिपाई म्हणा. एका घनमिलिमीटर रक्तात साधारण चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल नावाच्या असतात. तोंडातून, घशातून, आतड्यांतून जे जंतू रोज आत घुसू पाहतात त्यांना गिळून टाकण्याचे काम या न्यूट्रोफिल पेशींचे. त्यांचे रक्तातील आयुष्य फार थोडे, तासांत किंवा फार तर दिवसांत मोजायचे. म्हणून हाडांतील मगज रोज सुमारे शंभर अब्ज नव्या पेशी तयार करून रक्तात सोडत असतो. ही भरती थांबली, किंवा तयार शिपाईच कोणी मारून टाकले, तर चार-आठ दिवसांत सीमा उघडी पडते.

काही थोड्या माणसांच्या शरीरात मेटामिझोल नेमके हेच घडवून आणते. न्यूट्रोफिल पेशी पाचशेच्या खाली, कधी जवळजवळ शून्यावर येतात. या अवस्थेला ॲग्रॅन्युलोसायटोसिस असे लांबलचक नाव आहे. तांबड्या पेशी ठीक असतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बहुधा ठीक असतात, माणूस वरून धडधाकट दिसतो. मग एकाएकी थंडी वाजून सणसणीत ताप येतो. घसा इतका दुखतो की थुंकी गिळवत नाही. तोंडात, हिरड्यांवर, कधी गुदद्वारापाशी किंवा जननेंद्रियांवर जखमा होतात. वेळेवर उपचार झाला नाही तर जंतू रक्तात पसरतात आणि रोगी दगावतो.

आता यातील फसवणूक पाहा. या आजाराचे पहिले लक्षण ताप आहे आणि ज्या औषधाने तो होतो ते औषधही तापाचेच. माणसाने सोमवारी तापासाठी अनाल्जिन घेतले, ताप उतरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा ताप आला, घसा धरला. घरातले काय म्हणणार? मागचाच ताप उलटला. आणि काय देणार? मागच्या वेळी जिने गुण आला तीच गोळी. गोळीने आणलेला ताप गोळीनेच दाबला जातो, आणि आत पेशींचा नाश चालूच राहतो. जोडीला एखादे प्रतिजैविक सुरू असेल तर लक्षणे आणखी झाकली जातात. डॉक्टरसुद्धा यात फसू शकतो, कारण घसा आणि ताप घेऊन त्याच्यापुढे दिवसाला पन्नास माणसे येतात.

हा आजार प्रथम नीट ओळखला गेला तो जर्मनीत. बर्लिनचे डॉक्टर वेर्नर शुल्त्झ यांनी 1922 मध्ये काही रुग्णांचे वर्णन केले. घसा सडलेला, तीव्र ताप, आणि रक्तात या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीत. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन स्त्रिया होत्या आणि त्यांतील पुष्कळ दगावल्या. हा कुठला तरी जंतूंचा रोग असावा असेच त्या वेळी वाटले. योगायोग असा की मेटामिझोल हे औषध जर्मनीतील हेक्स्ट कंपनीने बाजारात आणले तेही 1922 मध्येच. त्याचा थोरला भाऊ ॲमिनोपायरिन, म्हणजेच पिरॅमिडॉन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच घरोघरी पोचला होता. मेटामिझोल त्याच कुळातले. पाण्यात विरघळणारे, म्हणून सुईतून देता येणारे.

रोगाचे मूळ औषधात असावे हा संशय कसा आला, ती हकीकत मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत अटलांटाचे डॉक्टर क्रॅके यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एक विचित्र गोष्ट टिपली. हा रोग डॉक्टर, परिचारिका, त्यांचे नातेवाईक आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांत जास्त दिसत होता. जंतू काही माणसाचा धंदा विचारून घरात शिरत नाहीत. मग या लोकांत समान काय? तर औषधे त्यांच्या हाताशी असत आणि ते ती सढळ हाताने घेत. गरिबाला त्या काळी ही गोळी परवडतच नव्हती! पुढे गोळ्या स्वस्त झाल्या आणि हा धोका खालच्या घरांपर्यंतही पोचला.

1934 मध्ये मिलवॉकीचे मॅडिसन आणि स्क्वायर या दोन डॉक्टरांनी चौदा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आजारापूर्वी त्यांनी ॲमिनोपायरिन असलेली औषधे घेतली होती. बऱ्या झालेल्या रुग्णांना तेच औषध पुन्हा दिले तेव्हा पेशी पुन्हा घसरल्या. डेन्मार्कमध्ये या औषधाच्या विक्रीवर निर्बंध आले आणि तेथील रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली. शेवटची गाठ 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या मोश्लिन आणि वॅग्नर यांनी उकलली. ज्याला हे औषध सोसत नव्हते अशा माणसाला औषध देऊन काही तासांनी त्याचे रक्त घेतले आणि ते निरोगी माणसांना चढवले. निरोगी माणसांच्याही पांढऱ्या पेशी घसरल्या. म्हणजे पेशी मारणारे काहीतरी त्या रक्तात तयार झालेले होते. शरीर औषधाला शत्रू समजून प्रतिपिंडे तयार करते आणि मारा मात्र आपल्याच पेशींवर होतो. अलीकडे स्वित्झर्लंडमध्येच झालेल्या संशोधनात दुसराही एक मार्ग दिसला आहे. शरीरात औषधाचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तो मगजातील कोवळ्या पेशींना थेट विषारी ठरू शकतो. कोणाच्या शरीरात हे घडेल आणि कोणाच्या नाही याचा माग आनुवंशिकतेतही घेतला जात आहे. पण औषध देण्यापूर्वी आधीच सांगू शकेल अशी तपासणी आज कोणत्याही दवाखान्यात नाही.

थोरल्या भावाचा गुन्हा सिद्ध झाला. धाकट्याचे काय? येथून आकड्यांचे भांडण सुरू होते, आणि आकडे हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय असल्यामुळे येथे थोडा थांबतो.

स्वीडनने 1974 मध्ये मेटामिझोल बाजारातून काढले. अमेरिकेने 1977 मध्ये काढले. त्यानंतर 1980 च्या दशकात एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. लोक त्याला बोस्टन अभ्यास म्हणतात. त्याचे निष्कर्ष 1986 मध्ये आले. एक आठवडा औषध घेतल्यास दहा लाखांमागे साधारण एका माणसाला (1.1 हा त्यांचा आकडा) हा आजार जादा होतो, असे त्यात म्हटले होते. दहा लाखांत एक! कंपनीला आनंद झाला असणार, आणि हेही नोंदवले पाहिजे की या अभ्यासाचा खर्च औषध बनवणाऱ्या हेक्स्ट कंपनीनेच केला होता. खर्च कंपनीने केला म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही. पण ज्याच्या हिशेबाची तपासणी करायची त्यानेच तपासनिसाचा पगार द्यावा, हे आमच्या खात्यात तरी चालत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक कोडे होते. उल्म, पश्चिम बर्लिन, बार्सिलोना या शहरांत औषधाचा आणि आजाराचा संबंध ठळक दिसला. बुडापेस्टमध्ये आणि इस्रायलमध्ये तो दिसलाच नाही.

या अभ्यासाने धीर येऊन स्वीडनने 1995 मध्ये औषध पुन्हा बाजारात आणले. नंतर जे घडले ते त्या देशाला फार महागात पडले. रुग्ण येऊ लागले आणि 1999 मध्ये औषध दुसऱ्यांदा काढावे लागले. त्या चार वर्षांचा हिशेब संशोधकांनी मांडला तेव्हा सुमारे 1,400 चिठ्ठ्यांमागे एक रुग्ण असा आकडा आला.

हे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. एक आठवड्याच्या वापरावर आहे, दुसरा डॉक्टरने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर. तरीही फरक किती ते कळावे म्हणून सोपे गणित करू. समजा एक कोटी माणसांनी हे औषध घेतले. पहिल्या आकड्याप्रमाणे अकरा माणसे या आजाराने गाठली जातील. दुसऱ्याप्रमाणे सात हजारांहून अधिक. आमच्या कचेरीत ताळेबंदात अकराच्या जागी सात हजार निघाले असते तर साहेबांनी सगळ्यांना रात्रभर बसवून ठेवले असते. येथे मात्र दोन्ही आकडे जगभर फिरतात आणि ज्याला जो सोयीचा तो तो वापरतो. ब्राझीलमध्ये हे औषध आजही चिठ्ठीशिवाय मिळते आणि घरोघरी असते. स्वीडनमध्ये ते मिळत नाही. दोन्हीकडे शिकलेले डॉक्टर आहेत.

माझे मत विचाराल तर खरा आकडा कोणता याची वाट पाहत बसण्याचे आपल्याला कारण नाही. आजार विरळा आहे हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. तो प्राणघातक ठरू शकतो हेही दोन्ही बाजूंना मान्य आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. हेक्स्टचा कारखाना आणि संशोधन केंद्र मुंबईत मुलुंडला होते, जुन्या कामगारांना ते आठवत असेल. नोव्हाल्जिन आणि बाराल्गन ही तिचीच नावे. ज्यांचे वय आज पन्नास-साठ आहे त्यांच्या घरातील डब्यात ही नावे हमखास सापडत. सर्व वेदनांवर एकच इलाज म्हणून ती खपली. डोके दुखले घ्या, कंबर दुखली घ्या. औषधांच्या योग्य वापरासाठी झगडणाऱ्या संघटनांनी, आपल्या महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने, गैरवाजवी औषधांविरुद्ध 1980 च्या दशकापासून आवाज उठवला. सरकारने 1990 च्या दशकात अनाल्जिनमध्ये दुसरी औषधे मिसळून बनवलेल्या गोळ्यांवर बंदी आणली. निव्वळ अनाल्जिन मात्र चालूच राहिले. 2012 मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या कारभारावर कडक अहवाल दिला, त्यात अनाल्जिनचाही प्रश्न होता. जून 2013 मध्ये केंद्र सरकारने अनाल्जिनसह तीन औषधांवर बंदी घातली. वर्षही झाले नाही तोच, 2014 च्या सुरुवातीला, अनाल्जिनवरची बंदी उठली.

उठली ती अटींवर. तीव्र वेदना किंवा गाठीच्या आजाराच्या वेदना असतील, किंवा इतर औषधांनी ताप उतरतच नसेल, तरच हे औषध द्यायचे आणि तसे वेष्टनावर व माहितीपत्रकावर छापायचे, अशी ती अट. वाचायला चांगली आहे. पण वेष्टन कोण पाहतो? खोक्यातून पट्टी निघते, पट्टीतून दोन गोळ्या कापल्या जातात, सुई असेल तर काचेची कुपी दवाखान्यातच कचऱ्यात जाते. छापील अट खोक्याबरोबर रद्दीत. जी माहिती रुग्णापर्यंत पोचावी म्हणून बंदी उठवताना लिहिली गेली, ती रुग्णाखेरीज बाकी सर्वांच्या हातात असते. माहितीपत्रक असलेच तर इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत.

स्पेनमधील एक गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तेथे नोलोटिल फार वापरतात आणि ब्रिटन, आयर्लंडमधून उन्हाळ्यात लाखो पर्यटक येतात. या पर्यटकांपैकी काहींना हा आजार झाल्याच्या तक्रारी वाढल्या. ब्रिटिशांच्या रक्तातच काही वेगळे आहे का, यावर वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. पण 2018 मध्ये स्पेनच्या औषध संस्थेने डॉक्टरांना एक साधी सूचना दिली. ज्याच्या रक्तावर नंतर लक्ष ठेवता येणार नाही अशा फिरत्या माणसांना हे औषध देऊ नये. आज येथे, परवा विमानाने घरी. तिकडे ताप आला तर तिकडच्या डॉक्टरला काय कळणार, याने कोणती गोळी घेतली होती ते?

हे वाचताना माझ्यापुढे पर्यटक आले नाहीत, ऊसतोड कामगार आले. बीडहून, मराठवाड्यातून निघायचे, कारखान्याच्या हद्दीत पालात राहायचे, फड बदलला की तळ हलवायचा. तापाची सुई एका गावात, घसा धरला तो पुढच्या तालुक्यात. वीटभट्टीवरचे, रस्त्याच्या कामावरचे, पुलाखाली राहणारे, एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाणारे आपले किती बांधव असे आहेत! स्पेनने ज्याला फिरती माणसे म्हटले ती सुट्टीवर आलेली होती. आपली पोटासाठी फिरतात. त्यांना सुई टोचताना, उद्या तू कुठे असशील, असे विचारणारा डॉक्टर मला तरी अजून भेटलेला नाही. सुई दिल्याशिवाय गुण येत नाही ही समजूत आपल्यातही आहे, हे येथेच कबूल करून टाकू. सुई दिली नाही तर डॉक्टर कच्चा असे आपणच म्हणतो, आणि सुईत काय होते हे मात्र विचारत नाही.

अगदी अलीकडे, 2024 मध्ये, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. फिनलंडमध्ये हे औषध बाजारातून बाहेर जात होते आणि तेथील औषध संस्थेच्या मागणीवरून युरोपच्या औषध संस्थेने नव्याने तपासणी केली. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांच्या तज्ज्ञ समितीने आपले म्हणणे मांडले. औषध चालू ठेवावे, कारण फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. मात्र आजार उपचार चालू असताना केव्हाही होऊ शकतो, औषध बंद केल्यावर थोड्याच दिवसांतही होऊ शकतो, आणि गोळ्या किती घेतल्या यावर तो अवलंबून नाही. पूर्वी हे औषध घेऊन काही झाले नव्हते, म्हणून आता होणार नाही, असेही धरून चालत नाही.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. औषध घेणाऱ्याचे रक्त ठराविक दिवसांनी तपासत राहावे असा सल्ला काही ठिकाणी दिला जाई, तो समितीने काढून टाकायला सांगितला. अशा नेमाच्या तपासणीने आजार आधी पकडता येतो याचा पुरावा नाही. आज रक्त चांगले असते आणि चार दिवसांत पेशी संपतात. मग लक्ष कोणी ठेवायचे? रुग्णाने. समितीने तसेच म्हटले आहे. रुग्णाला लक्षणे सांगून ठेवा, ती दिसताच त्याने औषध ताबडतोब थांबवावे आणि डॉक्टरकडे जावे. म्हणजे सारा पहारा रुग्णावर सोपवला आहे. पण आपण कोणते औषध घेतो आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो पहारा कसला देणार?

म्हणून घरातील शिकलेल्या मुलामुलींनी एक काम अंगावर घ्यावे. दहावी झालेली मुलगी घरात असेल तर ती इंग्रजी अक्षरे लावू शकते. पट्टीवर कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक असते, ते बारीक नाव वाचावे. अनाल्जिन किंवा मेटामिझोल दिसले तर तसे वहीत लिहून तारीख टाकावी. दुकानदाराला पट्टी कापायची असेल तर ज्या बाजूला नाव छापले आहे ती बाजू मागावी, बिल मागावे. बिलावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक येतो. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा नियम आहे, तेव्हा ते सहज हातात पडले तर दुकानदाराला तसे बोलून दाखवावे. डॉक्टरने सुई दिली तर नाव कागदावर लिहून मागावे. काही डॉक्टरांना ते आवडत नाही. आवडो न आवडो, शरीर आपले आहे.

अनाल्जिन घेतल्यावर, किंवा घेऊन काही दिवस झाल्यावर, थंडी वाजून नव्याने ताप आला, घसा फार दुखू लागला, तोंडात वा गुप्तांगाजवळ जखमा झाल्या, तर ती गोळी त्याच क्षणी बंद. घरी थांबून वाट पाहायची नाही. दवाखान्यात जाऊन सरळ सांगायचे, मी अनाल्जिन घेतले आहे, माझ्या पांढऱ्या पेशी तपासा. ही तपासणी म्हणजे सीबीसी, साधी रक्ततपासणी, सरकारी रुग्णालयातही होते. पांढऱ्या पेशींचे प्रकारवार प्रमाणही अहवालात असले पाहिजे. समजा एकूण पांढऱ्या पेशी 1,200 आहेत आणि न्यूट्रोफिल शेकडा 10, तर न्यूट्रोफिल झाल्या फक्त 120. पाचशेच्या खाली आकडा गेला तर एक तासही घालवू नये, मोठ्या रुग्णालयात भरती व्हावे.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी कमी होतात. अहवाल पाहून डॉक्टर डेंग्यू समजू शकतो. पण डेंग्यूत प्लेटलेटही उतरतात, या आजारात त्या बहुधा जागेवर असतात. हा फरक करणे डॉक्टरचे काम आहे, मात्र गोळीचे नाव सांगणे आपले. ते त्याला रक्तात दिसत नाही.

वेळेवर पोचलेले बहुतेक रुग्ण आज वाचतात. शुल्त्झच्या काळात प्रतिजैविके नव्हती, आता आहेत. मगजाला पेशी बनवायला चालना देणारी फिलग्रास्टिम नावाची सुईही आहे. औषध थांबले की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पेशी परत येऊ लागतात. मात्र ज्याला एकदा हा आजार झाला त्याने हे औषध आणि त्याच्या कुळातील औषधे जन्मभर घ्यायची नाहीत. दुसऱ्या वेळी पेशी फार लवकर कोसळू शकतात. अशा माणसाने औषधाची सगळी नावे एका कागदावर लिहून तो कागद आधारकार्डाबरोबर खिशात ठेवावा. बेशुद्ध अवस्थेत कोणी रुग्णालयात नेले तर तो कागद बोलेल.

साध्या तापाला पॅरासिटामॉल पुरते. त्याचाही अतिरेक नको. मोठ्या माणसाने दिवसात चार ग्रॅमच्या, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये, आणि दारू पिणाऱ्याचे यकृत त्याच्या आधीच थकलेले असते. लहान मुलांचे प्रमाण वजनावर ठरते, ते डॉक्टरलाच विचारावे. तीन दिवसांत ताप गेला नाही तर गोळी बदलत बसण्याऐवजी रक्त तपासावे.

औषधाचा कोणताही विपरीत परिणाम झाला तर तो कळवायची सोय सरकारने केलेली आहे, हे आपल्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. 2010 पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम सुरू आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत. तक्रार डॉक्टरनेच करावी असे नाही, रुग्ण किंवा त्याचा नातेवाईकही करू शकतो. 1800-180-3024 हा विनाशुल्क क्रमांक आहे. फोन करताना औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि घेतल्याची तारीख विचारतात. स्वीडनला आपला आकडा सापडला तो तेथील रुग्णांची नोंद झाली म्हणून. ऊसाच्या फडात ताप येऊन गेलेल्या माणसाची नोंद आपल्याकडे कोणत्या वहीत होते, हे मी अजून शोधतो आहे.